सिझेरियन शस्त्रक्रियेतील निर्वात साहाय्य : तत्त्व, उपयोग आणि मर्यादा

गोषवारा

सिझेरियन शस्त्रक्रियेत गर्भाशयाला छेद दिल्यानंतर बाळाचे डोके बाहेर काढणे हा टप्पा नेहमीच सुलभ नसतो. काही प्रसंगी डोके फार उंचावर तरंगत असते, तर काही प्रसंगी ते श्रोणीच्या पोकळीत खोल रुतून बसलेले असते. अशा वेळी निर्वात दाबावर चालणारी वाटी, म्हणजेच व्हॅक्यूम, वापरण्याची पद्धत प्रसूतिशास्त्रात रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखात या साधनाचा इतिहास, त्यामागील भौतिक तत्त्व, त्याची कार्यपद्धती आणि त्याचे धोके यांचा परामर्श घेतला आहे. उपरोक्त दोन अडचणी वरकरणी सारख्या भासल्या तरी त्या परस्परविरुद्ध स्वरूपाच्या असून निर्वात साहाय्य त्यांपैकी पहिलीवर उपयुक्त आणि दुसरीवर बहुतांशी निरुपयोगी ठरते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : सिझेरियन, निर्वात साहाय्य, तरंगते डोके, रुतलेले डोके, पटवर्धन पद्धत, नवजात सुरक्षितता

१. प्रस्तावना

सिझेरियन शस्त्रक्रिया आज समाजाच्या सर्व थरांत परिचित झाली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील सिझेरियन प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के आणि २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत २१.५ टक्के झाले. याच पाचव्या पाहणीत महाराष्ट्राचे प्रमाण २५.४ टक्के, तर गोव्याचे ३९.५ टक्के नोंदले गेले. या वाढीची कारणे आणि तिची योग्यायोग्यता यांवर वृत्तपत्रांतून व परिसंवादांतून पुष्कळ चर्चा होते. या चर्चेत एक समजूत मात्र गृहीत धरलेली असते, ती अशी की नैसर्गिक प्रसूती अवघड असू शकते. परंतु एकदा पोट उघडले की बाळ सहज हाती येते.

ही समजूत सर्वस्वी खरी नाही. बहुसंख्य शस्त्रक्रियांत बाळ एक-दोन मिनिटांत बाहेर येते हे खरे. तथापि काही प्रसंगी छेद घेतल्यानंतरच खरी कसोटी सुरू होते. गर्भाशय उघडल्यावर ते आकुंचन पावू लागते आणि वारेकडून बाळाला होणाऱ्या रक्तपुरवठ्यावर त्याचा परिणाम होतो. गर्भाशयाचा छेद आणि बाळाचा जन्म यांतील अंतर तीन मिनिटांहून अधिक लांबल्यास बाळाच्या रक्तातील आम्लता वाढण्याचा संभव असतो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. घाईघाईने ओढाताण केल्यास छेद फाटून मातेला गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. अशा रीतीने माता व बालक या दोहोंची सुरक्षितता त्या काही मिनिटांतील निर्णयावर अवलंबून असते. निर्वात साहाय्याचा विचार या संदर्भात करणे आवश्यक ठरते.

२. अडचणीचे दोन प्रकार

सिझेरियनमध्ये सामान्यतः गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेतला जातो. ही पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्लासगो येथील मन्रो कर यांच्या पुरस्कारामुळे सर्वमान्य झाली. छेद घेतल्यावर शल्यविशारद आपला हात बाळाच्या डोक्याखाली सरकवतो, डोके वर उचलून छेदाच्या तोंडाशी आणतो आणि त्याच वेळी साहाय्यक पोटाच्या वरच्या भागावर दाब देतो. हात खालून उचलतो आणि दाब वरून ढकलतो. या दोन बलांच्या मेळातून डोके बाहेर येते.

या क्रियेत अडथळा येण्याची दोन प्रमुख कारणे आहेत.

पहिला प्रकार तरंगत्या डोक्याचा. कळा सुरू होण्यापूर्वीच नियोजित वेळी शस्त्रक्रिया केली असता गर्भाशयाचा खालचा भाग पुरेसा ताणून पातळ झालेला नसतो. डोके श्रोणीत उतरलेले नसते. ते छेदाच्या वर, गर्भजलात मोकळे असते. हात पुढे नेताच ते पाण्यातील नारळाप्रमाणे दूर सरकते. पोटावरून दिलेल्या दाबाने ते छेदाकडे येण्याऐवजी बाजूला वळते. गर्भजलाचे प्रमाण अधिक असल्यास किंवा पोटाची भिंत जाड असल्यास ही अडचण वाढते.

दुसरा प्रकार रुतलेल्या डोक्याचा. प्रसूतीच्या कळा दीर्घकाळ चालून गर्भाशयमुख पूर्ण उघडलेले असते; परंतु बाळ पुढे सरकत नाही म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला जातो. तोपर्यंत डोके हाडांच्या चौकटीत घट्ट बसलेले असते आणि दाबामुळे त्याच्या त्वचेला सूज आलेली असते. डोके व श्रोणीची भिंत यांमध्ये बोटे शिरण्यासही जागा उरत नाही. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनेकॉलॉजिस्ट्स या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शास्त्रीय निबंधानुसार आकस्मिक सिझेरियनपैकी दहांत एकापर्यंत प्रसंगी ही स्थिती उद्भवू शकते.

पहिल्या प्रकारात डोक्याला पकड मिळत नाही. दुसऱ्यात डोके सुटत नाही. हा भेद लक्षात घेतल्याशिवाय साधनाची निवड योग्य होऊ शकत नाही.

३. निर्वात साधनाचा इतिहास

त्वचेवर वाटी लावून तीतील हवा काढून घेण्याची कल्पना प्राचीन आहे. आपल्याकडील तुंबडी लावण्याचा प्रकार याच तत्त्वावर आधारलेला होता. अठराव्या शतकाच्या आरंभी जेम्स यंग या इंग्लिश शल्यविशारदाने अडलेल्या बाळाच्या डोक्याला तुंबडीसारखे काचपात्र लावून पाहिले; परंतु त्यास यश आले नाही. पुढे १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा प्रसूतीत उपयोग करणारे एडिंबरोचे जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४९ मध्ये पिचकारीला वाटी जोडून एक कर्षकयंत्र तयार केले. त्या काळी टिकाऊ रबर व खात्रीचा पंप उपलब्ध नसल्याने ते फारसे प्रचारात आले नाही आणि प्रसूतीचा चिमटा हेच मुख्य साधन राहिले.

आधुनिक साधनाचे श्रेय स्वीडनच्या टागे माल्मस्ट्रोम यांना दिले जाते. १९५० च्या दशकात त्यांनी पोलादी वाटी प्रचारात आणली. तिची कड आतील पोकळीपेक्षा अरुंद असल्याने डोक्याची त्वचा आत भरून घट्ट पकड मिळत असे. त्यानंतर मऊ सिलिकॉनच्या व प्लास्टिकच्या वाट्या आल्या. अलीकडे हातात मावणारा, स्वतःचा पंप व दाबमापक असलेला संच वापरात आल्याने विजेच्या यंत्राची व स्वतंत्र चालकाची गरज उरलेली नाही. माल्मस्ट्रोम यांची वाटी प्रचारात आल्यानंतर लवकरच, म्हणजे १९६० च्या दशकाच्या आरंभीच, सिझेरियनमध्ये तिच्या उपयोगाची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झालेली आढळते. म्हणजेच ही कल्पना नवी नाही. हाताळण्यास सुटसुटीत साधन मिळाल्यामुळे तिला पुन्हा चालना मिळाली आहे.

४. वाटीमागील भौतिक तत्त्व

‘निर्वात ओढतो’ असे बोलण्याचा प्रघात असला तरी शास्त्रदृष्ट्या निर्वात पोकळी काहीही ओढत नाही. वाटीतील हवा कमी झाली की बाहेरील वातावरणाचा दाब वाटीला त्वचेवर दाबून धरतो. सतराव्या शतकाच्या मध्यास ऑटो फॉन गेरिके यांनी माग्देबुर्गच्या अर्धगोलांच्या प्रयोगातून जे दाखवून दिले, तेच तत्त्व येथे लागू होते.

समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब ७६० मि.मी. पारा इतका असतो. प्रसूतीच्या वाटीत साधारणतः ५०० ते ६०० मि.मी. पारा इतका ऋण दाब निर्माण केला जातो. ६०० मि.मी. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.८ किलोग्रॅम भार. वाटीचा व्यास ५ सें.मी. धरल्यास तिचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौ.सें.मी. होते आणि सैद्धांतिक पकड सुमारे १५.७ किलोग्रॅम भाराइतकी येते. प्रत्यक्षात कड उचलली गेल्यास किंवा ओढ तिरकी पडल्यास वाटी याहून कमी बलाला सुटते. हे सुटणे दोष मानता येत नाही. एका मर्यादेपर्यंत तो सुरक्षा-झडपेसारखाच उपयोगी पडतो. तथापि वाटी वारंवार सुटू देणे त्वचेला अपायकारक असते.

बलाइतकेच महत्त्व वाटीच्या जागेला आहे. बाळाची हनुवटी छातीला टेकलेली असताना डोक्याचा सर्वांत लहान व्यास, सुमारे ९.५ सें.मी., पुढे येतो. मान ताठ असल्यास हाच व्यास सुमारे ११.५ सें.मी. होतो. डोके वाकलेले ठेवायचे असेल तर ओढ डोक्याच्या मागील भागावर, मागच्या टाळूच्या सुमारे ३ सें.मी. पुढे व मधल्या सांध्यावर पडावी लागते. या बिंदूला नमनबिंदू म्हणता येईल. वाटी पुढच्या टाळूकडे लागली तर तीच ओढ मान ताठ करते आणि छेदातून जाणारा व्यास वाढवते. बल तेवढेच राहूनही परिणाम उलट होतो.

५. तरंगते डोके आणि वाटीचा उपयोग

तरंगत्या डोक्याच्या प्रसंगी शल्यविशारदाचा हात डोक्याशेजारी शिरतो तेव्हा छेदातून जाणारा एकूण घेर वाढतो. अरुंद व जाड छेदाच्या कडांवर त्यामुळे ताण येतो. वाटी मात्र डोक्याच्या माथ्यावर बसते आणि बाजूची जागा व्यापत नाही. शिवाय मोकळ्या डोक्याला ती एक स्थिर मूठ पुरवते.

कार्यपद्धती पुढीलप्रमाणे असते. गर्भजल वाहून जाऊ दिल्यावर हाताने डोक्याची स्थिती तपासली जाते आणि वाटी शक्य तितकी नमनबिंदूवर बसवली जाते. कडेभोवती बोट फिरवून गर्भाशयाची कड किंवा गर्भावरण वाटीत अडकलेले नाही याची खात्री केली जाते. त्यानंतर दाब निर्माण करून वाटीच्या पृष्ठभागाशी काटकोनात, एकसंध व सावकाश ओढ दिली जाते. साहाय्यकाचा पोटावरील दाब याच वेळी, परंतु बेताने दिला जातो. एक-दोन ओढींत डोके बाहेर येणे अपेक्षित असते. डोके बाहेर येताच दाब काढून वाटी दूर केली जाते आणि उर्वरित जन्म नेहमीप्रमाणे हातांनी पूर्ण केला जातो.

या पद्धतीचा एक लाभ मातेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कमरेतून दिलेल्या भुलीत माता जागी असते. वेदना नसली तरी पोटावर दिलेला जोराचा दाब तिला जाणवतो आणि अनेकदा असह्य वाटतो. डोक्याला वरून पकड मिळाल्यास या दाबाची गरज कमी होते.

वाटीला पर्यायही आहेत. रिग्ली यांच्या नावाने ओळखला जाणारा आखूड चिमटा किंवा चिमट्याचे एकच पाते वापरून डोके बाहेर घेता येते. अनुभवी हात गर्भाशयात बाळाचे पाऊल शोधून त्यास पायांकडूनही बाहेर काढू शकतात. कोणते साधन श्रेष्ठ, यापेक्षा कोणत्या साधनाचा सराव शल्यविशारदाला आहे, हा प्रश्न येथे अधिक निर्णायक ठरतो.

६. रुतलेले डोके आणि वाटीची मर्यादा

रुतलेल्या डोक्याच्या प्रसंगी हेच साधन का उपयोगी पडत नाही, याचे उत्तर यांत्रिकीत सापडते. पहिले कारण जागेचे. डोक्याचा माथा खाली, योनिमार्गाकडे असतो. छेदातून समोर दिसतो तो डोक्याचा बाजूचा भाग किंवा बाळाचा खांदा. नमनबिंदूपर्यंत वाटी पोहोचवायची तर आधी हातच खाली न्यावा लागतो. आणि हात तेथवर पोहोचला तर डोके उचलण्याचे काम त्यानेच होते. दुसरे कारण सुजेचे. सुजलेल्या, ओलसर त्वचेवर वाटीची पकड कमकुवत राहते. तिसरे कारण लक्षणीय आहे. घट्ट बसलेले डोके वर ओढू लागताच त्याच्या खाली कमी दाबाची पोकळी तयार होते आणि तीच डोक्याला खाली धरून ठेवते. म्हणजे वरच्या वाटीत ज्या तत्त्वाचा आधार घ्यायचा, तेच तत्त्व खालून विरोधात काम करीत असते. त्यामुळे प्रथम बोटे डोक्याच्या पलीकडे सरकवून ही पकड मोडावी लागते.

या स्थितीत बळाचा वापर केल्यास छेद बाजूच्या रक्तवाहिन्यांकडे किंवा खाली गर्भाशयमुखाकडे फाटतो, मूत्राशयास इजा होऊ शकते आणि बाळाच्या कवटीलाही धोका पोहोचतो. यासाठी स्वतंत्र उपाय विकसित झाले आहेत. गर्भाशय शिथिल करणारे औषध देणे, कळ ओसरेपर्यंत थांबणे, शस्त्रक्रियेचे मेज डोक्याकडून खाली झुकवणे, साहाय्यकाने योनिमार्गातून हाताच्या पसरलेल्या बोटांनी डोके अलगद वर ढकलणे, अथवा द्रवाने फुगणारी सिलिकॉनची उशी डोक्याखाली ठेवून ते उचलणे, हे त्यांतील काही होत. दुसरा मार्ग म्हणजे बाळाला पायांकडून बाहेर घेणे. लोकभाषेत सांगायचे तर पोटातून ते पायाळू जन्मते.

याच परंपरेत भारतीय प्रसूतिशास्त्राचे एक मोलाचे योगदान आहे. पटवर्धन आणि मोताशॉ यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून जगाला ज्ञात झालेली पटवर्धन पद्धत आजही आंतरराष्ट्रीय वाङ्मयात त्याच नावाने उल्लेखिली जाते. डोके खोल रुतले असता बाळाचे खांदे छेदाच्या जवळ असतात. या पद्धतीत प्रथम एक हात व खांदा, नंतर दुसरा हात व खांदा, मग धड व पाय आणि सर्वांत शेवटी डोके बाहेर घेतले जाते. अडकलेल्या भागाशी झुंजण्याऐवजी मोकळा भाग आधी सोडवायचा, हे तिचे सूत्र आहे. तिला कोणतेही उपकरण लागत नाही. लागते ते शरीररचनेचे ज्ञान आणि शिस्तबद्ध सराव.

रुतलेले डोके एकदा वर आणल्यानंतर ते छेदाच्या तोंडाशी येऊनही बाहेर पडत नसेल तर वाटीचा मर्यादित उपयोग होऊ शकतो. परंतु त्या क्षणी अडचणीचे स्वरूप बदललेले असते, हे ध्यानात घ्यावे लागेल.

७. बालकाच्या सुरक्षिततेचा विचार

वाटी काढल्यावर डोक्यावर गोल उंचवटा दिसतो. नातेवाईक त्याने घाबरतात. परंतु तो काही तासांत ते दोन-तीन दिवसांत ओसरतो. कवटीच्या हाडावरील आवरणाखाली रक्त साचल्यास गाठ तयार होते. ती हाडाच्या सीमेपुरती मर्यादित राहते, काही आठवड्यांत जिरते आणि क्वचित काविळीचे प्रमाण वाढवते.

खरा धोका तिसऱ्या प्रकारात आहे. डोक्याच्या त्वचेखालील स्नायुपटल आणि हाडाचे आवरण यांमधील सैल जागा भुवयांपासून मानेपर्यंत पसरलेली असते. तेथे रक्तस्राव झाल्यास त्याला अडवणारी सीमा नसते. नवजात बालकाच्या शरीरात दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे ८० ते ८५ मि.लि. रक्त असते, म्हणजे तीन किलोच्या बाळात सुमारे २५० मि.लि. त्यातील मोठा भाग या जागेत साचू शकतो आणि बाळ अल्पावधीत अत्यवस्थ होऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे १९९८ मध्ये निर्वात साधनांबाबत जो इशारा दिला, त्यात या रक्तस्रावाचा विशेष उल्लेख होता. तो मुख्यतः योनिमार्गे प्रसूतीच्या संदर्भात असला तरी सावधगिरीचे तत्त्व सिझेरियनलाही लागू होते. विशेषतः योनिमार्गे वाटी लावण्याचा प्रयत्न फसल्यानंतर केलेल्या सिझेरियनमध्ये पुन्हा तीच वाटी लावणे म्हणजे आधीच ताण सोसलेल्या त्वचेवर दुसरा ताण देणे होय.

यावरून काही नियम सिद्ध होतात. ३४ आठवड्यांपूर्वीच्या बाळात, रक्त न गोठण्याच्या विकाराचा संशय असताना किंवा चेहरा पुढे असताना वाटी वापरू नये. वाटी सुटल्यास पुनःपुन्हा न लावता पर्याय स्वीकारावा. वाटीचा प्रकार, तिची जागा, ओढींची संख्या आणि ती सुटली काय, याची नोंद शस्त्रक्रियेच्या टिपणात करावी. ही नोंद बालरोगतज्ज्ञ व परिचारिका यांच्यापर्यंत पोहोचली तरच पहिल्या काही तासांत बाळाच्या डोक्याची सूज, रंग व नाडी यांवर लक्ष ठेवणे शक्य होते.

८. पुरावा, प्रशिक्षण आणि संमती

योनिमार्गे प्रसूतीतील निर्वात साहाय्यावर मोठ्या प्रमाणात संशोधन झाले आहे. सिझेरियनमधील उपयोगावरील अभ्यास तुलनेने थोडे व लहान आहेत आणि त्यांतील बहुतेक नियोजित, गुंतागुंत नसलेल्या शस्त्रक्रियांवर आधारित आहेत. त्यांचे निष्कर्ष रुतलेल्या डोक्याच्या आकस्मिक प्रसंगास जसेच्या तसे लावणे तर्कदृष्ट्या सदोष ठरेल. सुलभ परिस्थितीत सिद्ध झालेली उपयुक्तता बिकट परिस्थितीत गृहीत धरण्याची ही चूक अन्य ज्ञानशाखांतही आढळते.

प्रशिक्षणाच्या बाबतीत एक विसंगती दिसते. प्रसूतीच्या दुसऱ्या अवस्थेत चिमटा किंवा वाटी कौशल्याने वापरता आली तर काही सिझेरियन टळू शकतात. हे कौशल्य जसजसे मागे पडते, तसतसे डोके खोल उतरल्यानंतर केल्या जाणाऱ्या सिझेरियनची संख्या वाढते आणि रुतलेल्या डोक्याची समस्या अधिक वेळा समोर येते. तिला तोंड देण्याची कौशल्ये मात्र प्रत्यक्ष प्रसंगी शिकण्यास अवधी नसतो. प्रतिकृतीवरील सराव व पथकाच्या नियमित रंगीत तालमी यांना यासाठी पर्याय नाही.

संमतीचा मुद्दाही दुर्लक्षून चालणार नाही. समीरा कोहली खटल्यातील २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाची संमती पुरेशा माहितीवर आधारलेली असावी, हे तत्त्व अधोरेखित केले. सिझेरियनपूर्वी मातेशी बोलताना बाळ बाहेर काढण्यासाठी साधनाची गरज पडू शकते, एवढे सांगून ठेवल्यास नंतर डोक्यावरील उंचवटा पाहून निर्माण होणारा अविश्वास टळू शकतो.

९. निष्कर्ष

निर्वात साहाय्य हे सिझेरियनमधील एक उपयुक्त, परंतु विशिष्ट अडचणीपुरते साधन आहे. तरंगत्या डोक्याला ते पकड देते, बाजूची जागा वाचवते आणि मातेच्या पोटावरील दाब कमी करते. रुतलेल्या डोक्याच्या प्रसंगी वाटी योग्य जागी पोहोचत नाही, तिची पकड टिकत नाही आणि तिच्यामागे गेलेला वेळ बाळाला महाग पडू शकतो. तेथे डोके खालून उचलणे किंवा पटवर्धन पद्धतीसारखे उपाय अधिक युक्त ठरतात. दोन्ही प्रसंगी बाहेरून दिसणारे चित्र एकच असते, ते म्हणजे डोके बाहेर येत नाही. त्यामागील कारण ओळखूनच साधन उचलले गेले पाहिजे. प्रशिक्षण, नोंदी आणि पुढील संशोधन यांची आखणी या भेदाच्या आधारे झाल्यास माता व बालक या दोहोंची सुरक्षितता वाढण्यास निश्चितच साहाय्य होईल.